गोणी ओतताना मी पाहिलं नाही

बीड
सोमवार, ३ नोव्हेंबर २०२५

आत्या,

आधी मागच्या पत्रातली एक चूक दुरुस्त करते, मग तू दिलेल्या बायबलच्या वहीतल्या पाठ तिसऱ्याची उत्तरं.

मी लिहिलं होतं की पोलिसांना दिलेल्या जबाबात मी एवढंच सांगितलं, रामकिसनला खांद्यावर गोणी घेऊन हौदाकडे जाताना पाहिलं. ते बरोबर नाही. जबाबात असं आहे: 'सदर इसमाने गोणीतील पांढरा पदार्थ हौदाच्या पाण्यात ओतला, ते मी समक्ष पाहिले.' खाली माझी सही आहे. 'शि'ची वेलांटी तू शिकवलीस तशी, डोक्यावरून लांब ओढलेली. हे आठवणीतून लिहीत नाही. शनिवारी तो कागद माझ्या हातात होता.

झालं असं. मी ज्या झेरॉक्सच्या दुकानात बसते ते कोर्टाच्या फाटकासमोरच आहे, हे तुला माहीत आहे. शनिवारी एक बाई कापडी पिशवीतून कागदांचा गठ्ठा घेऊन आली. वकिलाने दोन-दोन प्रती आणायला सांगितल्या होत्या. मी मशिनवर पानं ठेवायला लागले आणि चौथ्या पानावर माझं नाव दिसलं. ती रामकिसनची बायको, छबुबाई. तिने मला कधी पाहिलेलं नाही. आपण बद्रीनाथ मालकांच्या रानात होतो तेव्हा ती माहेरी होती.

ती म्हणाली, "बाई, तुला वाचता येतंय तर एवढं वाच की. त्या धनगराच्या पोरीनं काय लिव्हलंय ते. वकील निस्तं हां हां म्हनतोय, सांगत काय न्हाई."

मी वाचलं. माझाच जबाब, मोठ्याने, सगळा. मागे दोन गिऱ्हाइकं उभी होती.

ऐकून ती म्हणाली, "समदे म्हनत्यात ती पोरगी खोटं बोलत न्हाई. मंग आमचा मानूसच खोटा आसंल."

मी तिला दोन प्रती पिना मारून दिल्या. मी कोण ते सांगितलं नाही. हे लपवून ठेवायचं नव्हतं, म्हणून लिहिलं.

तू नेहमी म्हणायचीस, डोक्यात गोंधळ झाला की घडलेलं एकाखाली एक लिहून काढ, चूक आपोआप सापडते. तसं करून पाहिलं. एप्रिल २०२३. माझे दादा, तुझा भाऊ, काविळीने दवाखान्यात होते म्हणून कळप तुझ्या हाती. मांजरसुंब्याच्या अलीकडे बद्रीनाथ मालकांच्या रानात आपलं पाल, मेंढरं खतासाठी त्यांच्या शेतात बसवलेली. रामकिसन त्यांचा सालगडी. हौदावर मेंढरं पाजण्यावरून त्याचं तुझं भांडण झालं होतं आणि तो म्हणाला होता, "एक दिस हितंच लोळवतो तुमची मेंढरं." त्यानंतर दोन दिवसांनी, दुपारी, मेंढरं पाणी पिऊन वर आली आणि पडायला लागली. सत्तावीस मेली. तू ओरडलीस, रामकिसनने पाण्यात युरिया टाकला. लोक जमले. दुसऱ्या दिवशी ठाण्यात हवालदाराने मला विचारलं, ओतताना पाहिलंस का? उत्तर तू दिलंस: "पाहिलं की तिनं, माझ्या शेजारीच व्हती." मी मान हलवली.

तू पाहिलंस म्हणजे मी पाहिलं, असं मला तेव्हा खरंच वाटलं. सोळा वर्षांची होते. तरी मान माझीच हलली.

गोणी नेताना मात्र मी त्याला पाहिलं होतं, हे नक्की. ती उघडी होती की बांधलेली, ते आठवत नाही. तुला आठवतं का? तू ओततानाच पाहिलंस ना? एवढं एकदा लिहून कळव. कोर्टातून बोलावणं कधीही येईल असं शिपाई सांगून गेला.

पाठ तिसरा, प्रश्न चौथा. नियमशास्त्र, म्हणजे मोशेचे नियम, माणसाला काय देतं? उत्तर: नियमशास्त्र नीतिमान करत नाही, ते फक्त पाप ओळखायला लावतं. बाकीची उत्तरं वहीच्या पानांवर आहेत, सोबत जोडली आहेत.

तुझी,
शिवकन्या

बीड
रविवार, ९ नोव्हेंबर

आत्या,

यावेळी पाठाची उत्तरं नाहीत.

सभेला येणाऱ्या ऋतुजाने मला एक रेकॉर्डिंग पाठवलं. गेवराईच्या तुमच्या प्रार्थना सभेतलं, गेल्या रविवारचं. माझं पत्र तुला मंगळवारी मिळालं असेल. म्हणजे तू हे बोललीस ते माझं पत्र वाचून नव्हे. बिचारीने खाली लिहिलं होतं, 'तुझ्या आत्याची साक्ष ऐक, रडू येईल.' दुकानात गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा मी कानाला लावून ऐकलं. मग पुन्हा ऐकलं, कारण पहिल्यांदा वाटलं की आवाज तुझा नाही.

तू म्हणालीस:

"माझ्या हातनं सत्तावीस मुके जीव गेले. कवळ्या ज्वारीत घुसले, मला लगीच कळलं व्हतं. पन मी एका मान्सावर आळ घेतला. आन् माझ्या घरातल्या लेकराच्या तोंडून वदवून घेतलं, कारन ते लेकरू खोटं बोलत न्हाई हे समद्यांला ठावं. एवढी मी पापीन. पन माझ्या देवानं मला नीतिमान ठरवलं! मी काय केलं? काय न्हाई केलं. निस्ता इस्वास ठिवला!"

मग टाळ्या, हालेलुया. कोणीतरी पेटी वाजवायला लागलं.

ते लेकरू म्हणजे मी.

आत्या, मी किती वेळा हे पत्र लिहून फाडलं ते सांगत नाही. मला एवढंच विचारायचं आहे. तू मला निवडलंस ते मी तुझ्या शेजारी होते म्हणून, की माझ्यावर लोक विश्वास ठेवतात म्हणून? रेकॉर्डिंगमध्ये तू दुसरं कारण सांगितलंस. आपलं पाल दर आठ दिवसाला हलायचं म्हणून मला शाळा नव्हती. तू मातीत बोटाने अक्षरं काढून मला वाचायला शिकवलंस. पहिल्या सलग ओळी वाचल्या त्या बायबलमधल्या, पौलाने रोमच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रातल्या, तू बोट ठेवशील तेवढ्याच, कारण पालात दुसरं पुस्तक नव्हतं. आठ वर्षांची असताना मी 'नीतिमत्त्व' हा शब्द न अडखळता वाचला आणि तू मला गुळाचा खडा दिलास. खोटं बोलू नये हे मला तूच शिकवलंस. आणि मी खोटं बोलत नाही हे चारचौघांत पक्कं झाल्यावर तू ते वापरलंस.

साठ माणसांसमोर तू कबूल केलंस. त्यात ना न्यायाधीश होता, ना रामकिसन. त्याचं नावही घेतलं नाहीस.

आता माझंही लिहिते, नाहीतर मी तुझ्यासारखीच होईन. मागच्या पत्रात मी एकाखाली एक लिहिताना दुपारची एक ओळ गाळली होती. मुद्दाम. मेंढरं पाण्यावर जाण्याआधी आपण दोघी लिंबाखाली होतो आणि ते पत्रच वाचत होतो. चौथा अध्याय, अब्राहामाचा. तू वाचत होतीस, मी पालथी पडून ऐकत होते. कळपाकडे आपल्या दोघींपैकी कोणाचंच लक्ष नव्हतं. अवकाळी पाऊस होऊन गेला होता आणि काढलेल्या ज्वारीला हिरवेगार फुटवे आले होते. अशा कोवळ्या फुटव्यात विष असतं, तसल्या रानात भुकेलं मेंढरू सोडू नये हे धनगराच्या रांगत्या पोरालाही माहीत असतं.

आणि हे त्याहून वाईट. एका मेंढीच्या तोंडात मला ज्वारीचं पान दिसलं होतं. फेस आणि अर्धं चावलेलं पान. मी ओढणीने तिचं तोंड पुसलं आणि तुला विचारलं. तू म्हणालीस, "ह्या फुटव्याला पानी झालंय, आता त्यात इख ऱ्हात न्हाई. हवालदाराला हे बोलू नको, उगं घोळ व्हतो." मी बोलले नाही. अडीच वर्षं बोलले नाही. तुझ्यावर विश्वास होता हे खरं, पण पान मी पाहिलं होतं हेही खरं.

फोन तू उचलत नाहीस. चार वेळा केला.

शिवकन्या

बीड
सोमवार, १७ नोव्हेंबर

आत्या,

शनिवारी तू स्वतः आलीस, बरं झालं. पण स्टँडवर मला नीट बोलता आलं नाही. बोलणं कुठून कुठे गेलं ते मी घरी येऊन लिहून काढलं. माझी आठवण चुकते हे आता मला कळलंय, तेव्हा तूही तपासून बघ.

तू उतरल्या उतरल्या म्हणालीस, "काय वाळलीस गं. आधी खा." भजी घेतलीस. मी खाल्ली नाहीत, तू माझ्याकडे ढकलत राहिलीस.

मी म्हटलं, "तू कावून सांगितलंस तसं? मला एकटीला तरी खरं सांगायचं."

"लोक काय म्हनले असते, पोरी? बाई पोथी वाचत बसली आन् कळप मेला. तुझा बाप तर म्हनलाच असता, पुस्तकानं मेंढरं खाल्ली. आधीच त्याला माझं प्रार्थनेला जानं खपत न्हाई. मंग तुझी माय आली असती का सभेला? तू आली असतीस? प्रभूच्या नावाला बट्टा लागला असता."

"म्हणजे हे प्रभूसाठी केलंस?"

"मंग काय माझ्यासाठी?"

चहावाला कप उचलायला आला आणि म्हणाला, "मावशी, चहा निवला, भांडन गरम हाय. दुसरा देऊ?" तू हसलीस. मलाही हसू आलं, त्याचा मला अजून राग आहे.

मी म्हटलं, "रामकिसनभाऊ एकोणीस दिवस आत होते. आता त्यांना कोणी सालाने ठेवत नाही. मेंढरं मारणाऱ्याच्या हाती गोठा कोण देईल?"

"सुटंल त्यो. पुरावा हायच कुटं?"

"पुरावा मी आहे, आत्या."

मग ते म्हणालीस, जे मला झोपू देत नाही: "एवढं शिकवलं ते समदं पान्यात. कर्मानं तारन मिळवाया निघालीस तू. कोर्टात जाऊन स्वतःच्या हातानं नीतिमान व्हायचंय तुला. ज्याची पापं देवानं झाकली त्यो धन्य, हे तुला पाठ हाय ना? मंग देवानं झाकलेलं तू कावून उघडतीस?"

ते खरंच रोमच्या पत्रात आहे. आणि मला हेही माहीत आहे की माझा स्वभाव तसाच आहे. लहानपणी चुकून दुसऱ्याच्या रानातली काकडी तोडली तर ती पुन्हा वेलाला बांधून यायची मी. तेव्हा तूच हसून म्हणायचीस, अगं वेडे, तारण असं बांधून मिळत नाही. मला वाटलं, आताही मी काकडीच बांधायला निघालेय का?

गेवराईची गाडी लागली. तू खिडकीतून म्हणालीस, "जबाबात हाय तेच सांग. बाकी प्रभूवर सोड." गाडी हलली.

घरी येऊन मी रोमच्या मंडळीचं पत्र पहिल्यापासून काढलं. तुझ्या पाठांची वही बाजूला ठेवून, नुसतं पत्र. तुझा आवाज डोक्यात येऊ नये म्हणून मनात न वाचता ओठ हलवून वाचलं. पाचव्या अध्यायाच्या शेवटी, पाप वाढलं तिथे कृपा त्याहून वाढली, असं येतं. आणि सहाव्याच्या अगदी सुरुवातीला पौल स्वतःच विचारतो, मग कृपा वाढावी म्हणून आपण पापातच राहायचं का? आणि स्वतःच तडकून सांगतो, मुळीच नाही.

हे मी याआधी कधी वाचलं नव्हतं. माझा विश्वास बसेना, म्हणून तुझी वही काढली. तू स्वतः तयार केलेले बारा पाठ, तुझ्या अक्षरात. पाठ सहावा पाचव्या अध्यायावर आहे. पाठ सातवा आठव्या अध्यायावर. मधले दोन अध्याय नाहीत. वहीवर तारीख आहे, जून २०२३. म्हणजे त्या उन्हाळ्यानंतरची. तू या वहीतून सहा बायकांना शिकवतेस.

कदाचित सोपं जावं म्हणून वगळलं असशील. मी तसंच समजायचा प्रयत्न केला. दोन दिवस केला.

मेंढरांचं समजू शकते. तू घाबरलीस. हवालदारासमोरचंही कदाचित समजू शकेन. पण ज्या पत्रावरून मला अक्षरं शिकवलीस, त्यातलीच पानं तू माझ्यापासून लपवलीस. ओतताना मी रामकिसनला पाहिलं नाही. आणि हे पानही पाहिलं नाही. दोन्ही वेळा मी तुझ्याच डोळ्यांनी बघत होते.

शिवकन्या

बीड
शुक्रवार, २१ नोव्हेंबर

आत्या,

काल समन्स आलं. सरकारी वकिलांनी मला बोलावून जबाबाची प्रत वाचायला दिली. म्हणाले, "यात आहे तेवढंच सांगायचं. घाबरायचं नाही. पाच मिनिटांचं काम." मी म्हटलं, यात आहे ते मी पाहिलेलं नाही. त्यांनी चष्मा काढला. मग बराच वेळ समजावलं. असं बोललीस तर तुला फितूर साक्षीदार म्हणून जाहीर करावं लागेल, उलट प्रश्न मीच विचारेन, कोणाच्या दबावाखाली आलीस, आरोपीने काय दिलं, सगळं विचारेन. पोलीसही मागे लागू शकतात. शेवटी म्हणाले, "घरच्यांशी बोल." मी म्हटलं, घरच्यांशीच बोलतेय.

आणखी एक सांगायचं आहे. बुधवारी छबुबाई पुन्हा दुकानात आली. मी मशीन बंद केलं आणि सांगितलं की ती पोरगी मी आहे. ओतताना मी पाहिलं नाही, तेही सांगितलं.

मला वाटलं होतं ती रडेल किंवा मारेल. ती तशीच उभी राहिली. मग म्हणाली, "मंग इतके दिस काय करत व्हतीस?"

मी स्टूल पुढे सरकवलं, ती बसली नाही.

ती म्हणाली, "अडीच वरीस झालं. भाकरी करते, ताट वाढते, पन मानसाशी दोन शबुद बोलले न्हाई मी. म्हनलं, मुक्या जिवाला मारनारा ह्यो. त्यो म्हनत व्हता, छबे, मी न्हाई गं केलं. म्या ऐकलं न्हाई. तुझं ऐकलं." मग पिशवी उचलली. "तू कोर्टात बोलशील, न्यायाधीश ल्हील, संपलं. मी काय करू? मी बोलले न्हाई ते माघारी कसं घिऊ?"

ती गेली. तिने मला क्षमा केली नाही, आणि मी मागितलीही नाही. मागावीशी वाटली, पण ते लगेच मागणं मला बरं दिसेना.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला तिच्यामुळे सापडलं. तू म्हणालीस, मी कोर्टात जाऊन नीतिमान व्हायला निघालेय. नाही. मी नीतिमान ठरले की नाही, माझं तारण झालं की नाही, हे मला ठाऊक नाही. आधी वाटायचं की ठाऊक आहे, पण ते तूच सांगितलं होतंस. खरं बोलल्याने ते मिळेल अशी आशा धरून मी जात नाही. तारण कर्माने मिळत नाही हे तू शिकवलंस आणि ते बरोबर आहे, पत्रात आहे. पण रामकिसन कोर्टातून सुटणार की आत जाणार, हे माझ्या तोंडावर आहे. देवाने तुझं झाकलं असेल तर झाकलं असेल. त्या झाकणाखाली रामकिसन आहे, आत्या. त्याला बाहेर काढायला झाकण उघडावंच लागेल.

तुझा राग येतो का, विचारशील. येतो. सकाळी उठल्या उठल्या येतो, मशीनच्या झाकणाखालची काच पुसताना येतो. पण मी राग काढायला जात नाही, हे मी चार-चारदा तपासलं आहे. राग काढायचा असता तर ते रेकॉर्डिंग वकिलाला दिलं असतं. दिलेलं नाही. कारण ते तू सांगायचं आहे, आणि मी अजूनही वाट बघतेय. त्यांनी मला विचारलं तर मात्र आहे ते सांगेन.

दादांना मी रविवारी गेवराईकडे पालावर जाऊन सांगणार आहे. त्यांच्या तोंडून तू ज्याला घाबरलीस तेच येईल, पुस्तकाने मेंढरं खाल्ली. मी म्हणेन, नाही दादा, मेंढरं आमच्या दोघींच्या दुर्लक्षाने मेली, पुस्तक आमच्या हातात होतं एवढंच. ते मला मारणार नाहीत. कदाचित बोलणार नाहीत. तुझ्याशी कसे वागतील ते मला सांगता येत नाही, म्हणून तुला आधी कळवतेय, तिथून निघून जायचं तर तुला दोन दिवस आहेत. पण जाऊ नकोस.

काय सांगणार तेही आधीच लिहिते, म्हणजे तुला कोर्टात काही नवं ऐकायला लागणार नाही. रामकिसनला गोणी घेऊन जाताना पाहिलं. ओतताना पाहिलं नाही. मेंढरं त्याआधी ज्वारीच्या फुटव्यात गेली होती. एकीच्या तोंडात पान होतं, ते मी पुसलं. आम्ही दोघी तेव्हा झाडाखाली वाचत बसलो होतो. 'आम्ही' म्हणजे कोण असं विचारतील. तू तिथे असलीस तर मी थांबेन, तू स्वतः सांग. नसलीस तर मी सांगेन: माझी आत्या, सत्यभामा.

पहिला पुकारा साडेदहाला होतो. मी दहा वाजता फाटकात असेन, गुरुवारी, सत्तावीस नोव्हेंबरला.

शिवकन्या